मद्य विकणाऱ्याची जबाबदारी

रोह्याहून कोलाडकडे जाणारा रस्ता धाटावावरून जातो. कारखान्यांची पाळी सुटली म्हणजे याच रस्त्यानें कामगार घरीं परततात, मालमोटारी धांवतात, विद्यार्थीहि जातात-येतात. या वर्दळींत एखादा मद्यधुंद चालक शिरला तर काय अनर्थ होईल, हें सांगावयास नको. अशा प्रसंगीं सर्वजण चालकास दोष देतात, व तें योग्यच आहे. परंतु ज्यानें पैसे मोजून घेऊन त्याचा पेला भरला, त्याच्याकडे कोणीं बोट दाखवावें कीं नाहीं?

ता. १९ मे २०२४ रोजीं पहांटे पुण्यांतील कल्याणीनगर येथें भरधांव मोटारीच्या धडकेनें दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता व तत्पूर्वीं त्यानें मद्य घेतलें होतें, असा पोलिसांचा आरोप. तेव्हां मुलाच्या पित्याबरोबर मद्यगृहांच्या चालकांसहि अटक झाली. त्यास कायद्याचा आधार होता. महाराष्ट्रांत कडक मद्यासाठीं वयाची मर्यादा २५ वर्षांची आहे. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलास मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

मात्र हा दंड सरकारी तिजोरींत जातो. मृताच्या आईबापांच्या ओंजळींत नव्हे. त्यांना मोटारीचा मालक वा विमा यांच्याकडून भरपाई मागतां येते. पण मद्यविक्रेत्यानेंहि त्या नुकसानीचा वांटा उचलावा, असें स्पष्ट सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाहीं. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत एका अल्पवयीन युवकास मद्यगृहांनीं मद्य दिलें आणि पुढें त्याच्या मोटारीच्या अपघातांत एक गृहस्थ दगावले. त्यांच्या पत्नीनें मद्यगृहांवर भरपाईचा दावा लावला. असा दावा लावतां येतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९५९ सालीं दिला. तसा मार्ग आपल्याकडेहि असावा, असें आमचें नम्र मत आहे.

यावर कोणी म्हणेल, “दुकानदारानें प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागें घरापर्यंत जावें काय?” तसें कोणीच म्हणत नाहीं. वय विचारावें, आणि ज्याचा तोल सुटलेला डोळ्यांना दिसतो त्यास आणखी देऊं नये, एवढीच अपेक्षा आहे. मोशेच्या नियमशास्त्रांत मारक्या बैलाचा दृष्टांत घेण्याजोगा आहे: बैल मारका आहे असें बजावूनहि जो मालक त्यास बांधून ठेवीत नाहीं, त्याला तेथें दोषी ठरविलें आहे. बैलानें प्रथमच शिंग उगारलें तर गोष्ट वेगळी. जाणूनबुजून सोडला तर वेगळी. मद्याचा गुण विक्रेत्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक असतो?

तथापि विक्रेत्यास जबाबदार धरल्यानें पिणारा निर्दोष ठरत नाहीं, आणि अल्पवयीन मुलाच्या हातीं मोटारीची किल्ली देणारा पालकहि सुटत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत अशा पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. किल्ली देणाऱ्यास एक न्याय आणि पेला देणाऱ्यास दुसरा, असें कां असावें? विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी दुकान मांडील, कोणी वकील होईल, कोणी विधिमंडळांत बसेल. नफा ज्याच्या गल्ल्यांत पडतो, त्यानें त्या नफ्यापायीं झालेल्या हानीचाहि हिशेब द्यावा, एवढें तेव्हां विसरूं नका.