आधी शुद्ध हो, मग औषध घे?



परवा वस्तीच्या बैठकीत आपल्याच एका कार्यकर्त्यानं ठराव मांडला : गर्दुल्ल्यांना विहाराच्या पायऱ्यांवरनं हाकला. टाळ्या पडल्या. मीही गप्प बसलो. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

ज्याला हाकलायचं ठरलं तो आपलाच पोरगा. आधी गर्द ओढायचा, मग सुई टोचायला लागला. चौघांत एक सुई; त्यातनं एचआयव्ही. दवाखान्यात गेला तर सांगितलं, आधी नशा सोड, मग ये. आधी शुद्ध हो, मग आत ये! ओळखीची वाटते ना ही भाषा? 1927 साली महाडला तळ्याच्या काठावर हीच भाषा होती.

म्हणे मन खंबीर पाहिजे. अरे, गर्द तुटला की टर्की येते. हाडं ठणकतात, जुलाब, उलट्या, डोळ्याला डोळा नाही. हा शरीराचा आजार आहे आणि त्याला औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली, नाहीतर मेथाडोनचं पातळ औषध. रोज, देखरेखीखाली. टर्की थांबते, सुई सुटते, माणूस कामाला जातो, एचआयव्हीच्या गोळ्याही चुकवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2005 सालीच ही दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घातली. आपल्या सरकारची नॅकोसुद्धा ती देते.

'एक नशा सोडवून दुसरी लावली' म्हणणाऱ्यांनो, रोज इन्शुलिन टोचणाऱ्या साहेबाला नशेबाज म्हणता का?

आणि कोंडून ठेवून सोडवलं तर? शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन पोरगा जुन्याच मापानं घेतो, श्वास बंद पडतो. मेला की आपण म्हणतो, सुधारलाच नाही!

अजून एक ध्यानात ठेवा. एचआयव्हीबरोबर टीबी येतो. टीबीचं रिफाम्पिसिन या औषधांचा जोर कमी करतं. डोस वाढवला नाही तर टर्की परत, सुई परत. म्हणून तिन्ही उपचार एका छपराखाली पाहिजेत.

1986 साली येरवड्यात मुक्तांगण उभं राहिलं. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, पांढरपेशा पुणं हळहळलं. त्या कामाला मान आहे. पण हळहळ म्हणजे हक्क नव्हे. हक्क 2017 च्या एचआयव्ही कायद्यात आहे : उपचारात भेदभाव करता येत नाही. तो कायदा वाचा, खिशात ठेवा, पोराबरोबर दवाखान्यात जा.

पंचशील तोंडावर फेकू नका. पाचवं शील मलाही पाठ आहे. पण हगवणीनं घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाबरोबर स्वतः धुतलं होतं. आधी शील पाळ, असं म्हणाले नव्हते.

पुढच्या बैठकीत मी उलटा ठराव मांडणार आहे : पायऱ्या त्याच्याही आहेत. टाळ्या नकोत, हात वर करा.

जय भीम!