पॅकर्सच्या बचावाचे जुने दुखणे

गोमंतकात फुटबॉल हा पायांचा खेळ. अमेरिकेत त्याच नावाचा खेळ मुख्यतः हातांचा आहे. चेंडू एकतर फेकून पुढे न्यायचा, नाहीतर छातीशी धरून धावत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पार केले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. फेक चुकू शकते. पण धावणारा दर खेपेस पाच यार्ड काढू लागला, तर बचाव करणाऱ्यांच्या हाती काही उरत नाही.

ग्रीन बे पॅकर्सने हे वारंवार भोगले आहे. जानेवारी २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलिन केपर्निकने १८१ यार्ड धावून त्यांना स्पर्धेबाहेर काढले. तोही क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू. जानेवारी २०२० मध्ये सुपर बोल एका पावलावर असताना त्याच संघाच्या रहीम मोस्टर्टने २२० यार्ड आणि चार टचडाउन केले. मध्यंतरालाच २७-० अशी स्थिती होती. जिमी गारोपोलोला संपूर्ण सामन्यात आठच वेळा चेंडू फेकावा लागला. आठच! नोव्हेंबर २०२२ मध्ये फिलाडेल्फियाने तर ३६३ यार्ड धावून काढले.

या तीन सामन्यांच्या वेळी बचावाचे प्रशिक्षक तीन वेगळे होते : डॉम केपर्स, माइक पेटिन, जो बॅरी. तिघांनाही पुढे जावे लागले. माणसे बदलूनही दुखणे टिकले, याचा अर्थ मूळ संघाच्या विचारात होते. ॲरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक हाताशी असल्याने आपण आघाडी घेऊ, प्रतिस्पर्ध्याला घाईने चेंडू फेकावा लागेल, हे गृहीत होते. म्हणून लांब फेकी अडवण्यासाठी मागे माणसे राखली गेली आणि पुढची फळी विरळ राहिली. बॅरी यांच्या पद्धतीत तर हे उघड दिसे. हिशेब चुकीचा नव्हता. प्रतिस्पर्धी त्याप्रमाणे वागेल ही अपेक्षा भाबडी होती.

२०२४ मध्ये जेफ हाफ्ली आले. त्यांनी तीनऐवजी चार जणांची आघाडी उभारली. नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ३८-१० असे हरवताना ख्रिश्चन मॅकॅफ्रीला ३१ यार्डांवर रोखले गेले. जुन्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध हे विशेष. जानेवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या सेक्वॉन बार्कलीने पुन्हा ११९ यार्ड काढले आणि पॅकर्स २२-१० असे हरले. त्या पराभवाचे खापर मात्र एकट्या बचावावर फोडता येणार नाही. सुरुवातीच्याच किकवर चेंडू हातून निसटला, आणि जॉर्डन लव्हच्या तीन फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या.