विश्लेषण : जाड आणि बारीक वायर एकाच स्क्रूखाली का नको?

घरात नवा गीझर किंवा एसी आला, की अनेकदा जवळचाच स्विचबोर्ड उघडला जातो. तिथे आधीपासून असलेल्या ‘दीड’च्या वायरला ‘चार’ची नवी वायर जोडून दोन्ही एकाच स्क्रूखाली आवळल्या जातात आणि बोर्ड बंद होतो. गीझर सुरू होतो, पाणी तापते, काम झाल्याचे समाधान मिळते. पण पाण्याबरोबर बोर्डाच्या आतला जोडही तापत असतो, तो मात्र कुणाला दिसत नाही.

वायरचा ‘आकार’ म्हणजे काय?

वायरमन ज्याला ‘दीड एमएम’ किंवा ‘चार एमएम’ म्हणतात, तो वायरचा व्यास नसून आतल्या तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ असते, तेही चौरस मिलिमीटरमध्ये. दीडच्या वायरमध्ये साधारणपणे 0.3 मिमी जाडीच्या 22 बारीक तारा असतात, अडीचमध्ये 36 आणि चारमध्ये 56. तांबे जितके जास्त, तितका जास्त प्रवाह वायर न तापता वाहून नेते. म्हणून दिवे-पंख्यांसाठी सर्वसाधारणपणे एक ते दीड, तर गीझर-एसीसाठी अडीच किंवा चार चौ. मिमीची वायर वापरतात.

स्क्रू आवळला तरी बारीक वायर सैल का राहते?

टर्मिनलचा स्क्रू सरळ खाली दाबला जातो. खाली दोन वेगवेगळ्या जाडीच्या वायर असतील, तर तो आधी जाड वायरवर टेकतो आणि तिथेच अडतो. बारीक वायर शेजारच्या पोकळीत सरकते. हाताला स्क्रू घट्ट लागतो, पण बारीक वायरवर पुरेसा दाब नसतो. वापर सुरू झाला, की जोड तापतो, थंड होतो, पुन्हा तापतो. या प्रसरण-आकुंचनाने तो आणखी सैल होत जातो.

जुन्या घरांतील ॲल्युमिनियमच्या वायरला तांब्याची वायर थेट जोडली, तर धोका वाढतो. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर चटकन ऑक्साइडचा थर येतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही.

सैल जोड किती तापतो?

हिशेब सोपा आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध म्हणजे निर्माण होणारी उष्णता. 3 किलोवॅटचा इन्स्टंट गीझर 230 व्होल्टवर सुमारे 13 अँपिअर प्रवाह घेतो. जोडाचा रोध केवळ 0.1 ओहम असला, तरी तिथे जवळपास 17 वॉट उष्णता तयार होते. घरगुती दुरुस्तीत वापरली जाणारी लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॉटची असते. म्हणजे हवा न खेळणाऱ्या बंद बोर्डात तशीच एक तापलेली टोक ठेवल्यासारखे होते. सर्वसाधारण पीव्हीसी इन्सुलेशन 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्यापुढे ते मऊ पडते, करपते आणि पुढे आगीला निमित्त होते.

एमसीबी पडत का नाही?

एमसीबी जास्तीचा प्रवाह ओळखतो, जोडाची उष्णता नाही. सैल जोडामुळे प्रवाह वाढत नाही, त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सारे ठीक असते. आरसीसीबी फक्त गळती ओळखतो, त्यामुळे तोही गप्प राहतो.

दुसरा धोका वायरच्या क्षमतेचा. बोर्डापासून गीझरपर्यंत चारची वायर टाकली, तरी मागे डीबीपर्यंत दीडचीच वायर असेल, तर सगळा भार तिच्यावरच पडतो. एमसीबी वारंवार पडू लागला, की 10 अँपिअरच्या जागी 25 अँपिअरचा बसवून तक्रार मिटवली जाते. प्रत्यक्षात तिथे संरक्षण संपलेले असते. एमसीबी नेहमी त्या सर्किटमधल्या सर्वांत बारीक वायरला झेपेल एवढाच हवा.

मग जोड कसा द्यावा?

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे गीझर किंवा एसीसाठी डीबीपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी. एकाच सर्किटमध्ये दोन जाडीच्या वायर जोडणे अटळ असेल, तर प्रत्येक वायरला वेगळी पकड मिळेल असा कनेक्टर वापरावा. काही लिव्हर कनेक्टर 4 चौ. मिमीपर्यंतच्या वायर घेतात. कनेक्टरमधून एकच वायर टर्मिनलला न्यावी. बोल्टचे टर्मिनल असेल, तर प्रत्येक वायरला तिच्या मापाचा लग दाबून बसवावा. एका टर्मिनलमध्ये दोन वायर चालतील असे उत्पादकाने सांगितले असेल, तरच तसे करावे आणि तेव्हाही दोन्ही एकाच जाडीच्या असाव्यात. जाड वायर छिद्रात मावत नाही म्हणून तिच्या काही तारा कापणे हा उपाय नव्हे. जितक्या तारा कापल्या, तितकी वायर त्या जागी बारीक होते.

घरातल्यांनी काय पाहावे?

स्विचभोवती तपकिरी डाग, प्लास्टिक जळाल्याचा वास, बोर्डातून येणारी चरचर, गरम लागणारा प्लग किंवा गीझर लावताच मिचकावणारा दिवा, यांपैकी काहीही दिसले तर मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. टेप गुंडाळून काम भागत नाही. टेप जोड झाकते, आवळत नाही.

नूतनीकरणात स्विचचा रंग आणि कंपनी निवडण्यात बराच वेळ जातो. बोर्ड बंद होण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारले तरी पुरे : एका स्क्रूखाली किती वायर आहेत, आणि मागची वायर किती एमएमची आहे? चांगल्या कारागिराला हे प्रश्न खटकत नाहीत. वाचतात ती काही मीटर वायर आणि एका कनेक्टरचे पैसे. त्यासाठी घर पणाला लावणे कुठल्याच हिशेबात बसत नाही.