रविवारचा रकाना

"एक्सेल? पोरांना आत्तापासून कारकून करायचंय का?" पालकसभेत हा प्रश्न निघाला की माना डोलतात. मागोमाग दुसरा येतो: बेरजा आयत्या मिळाल्यावर डोकं चालणार कधी? दोन्ही आक्षेप ऐकायला भारदस्त, आतून पोकळ.

आधी कारकुनीचं. वाण्याच्या कीर्दीत व्यवहार तारखेवार उतरतो, खतावणीत तोच नावावार लागतो. माहिती एकच, मांडण्या दोन. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं 'व्हिसिकॅल्क' हे एक्सेलचं पूर्वज आलं, तेही वहीतले रकाने पडद्यावर घेऊनच. नवलाई इतकीच की एक आकडा बदलला की बाकीचे खाडाखोड न करता आपोआप बदलायचे. आणि खतावणी वाचता येणारा माणूस पेढीवर काही हरकाम्या नसे.

मात्र वर्गात शिकवतात ते बघून मलाही कारकुनीच आठवते. पुस्तकातल्या राम-श्यामचे काल्पनिक गुण टाइप करा, शीर्षक ठळक करा, पिवळा रंग भरा. परीक्षेत 'सेल म्हणजे काय?' दोन गुणांना. दुसऱ्याने गोळा केलेली, कुणालाच नको असलेली माहिती! हा दोष धड्याचा आहे, साधनाचा नव्हे.

आता डोक्याचं. एका शाळेत सातवीची मुलं पर्जन्यमापक लावून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजत होती. हवामान खात्याची वेळही तीच. सोमवार ते शनिवारचे आकडे मिलिमीटरमध्ये: १२, ०, ३०, ८, ०, १०. आदल्या रविवारी शाळा बंद. एका गटाने रविवारचा रकाना कोरा ठेवला, सरासरी आली १०. दुसऱ्याने शून्य लिहिलं, आली ८.६. कोरा रकाना सरासरीत धरला जात नाही, शून्य धरलं जातं. सूत्र तेच, पाणी तेच, आणि उत्तरं दोन. वर्गात चांगलीच जुंपली. 'मोजलंच नाही' आणि 'पडलाच नाही' यांतला फरक मी पदवीच्या वर्गातही इतक्या तावातावाने चर्चिलेला ऐकला नव्हता.

कोरा ठेवणारे जिंकणार असं मला वाटलं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, सोमवारच्या बारात रविवारचं पाणी पण आहे की!" बरोबरच होतं. भांडं आदल्या शनिवारनंतर सोमवारीच रिकामं झालेलं. म्हणजे ६० मिलिमीटर सात दिवसांचे, ८.६ हीच खरी सरासरी. शून्यवाल्यांचं उत्तर बरोबर, पण रविवार कोरडा गेला ही त्यांची नोंद खोटी.

यातलं काय यंत्राने आयतं दिलं? भागाकार. तो मुलांना चौथीपासून येतो.

"पण यंत्रावर विसंबायची सवय लागते." लागते, आणि शहाण्यासुरत्या मोठ्यांनाही लागते. २०२०च्या शरदात इंग्लंडमध्ये कोविडचे जवळपास १६ हजार रुग्ण दैनंदिन आकड्यांतून सुटले, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. आत घातलेल्या ओळी आणि बाहेर आलेल्या ओळी ताडून पाहायची खोड सातवीत लागली तर काय बिघडलं?

त्या मुलीने शेवटी रविवारची ओळच काढून टाकली. शेजारी नवा रकाना केला: 'किती तासांचं पाणी'. सोमवारपुढे ४८, बाकी सगळ्यांपुढे २४.