संपापूर्वीचा संवाद
२०११ साली उस्मानपुऱ्यासह तत्कालीन औरंगाबाद शहराचे वीजवितरण महावितरणने जीटीएल या खासगी कंपनीकडे सोपविले. २०१४ मध्ये ते परत घेतले. अशा उलथापालथीनंतर कर्मचाऱ्यांच्या मनात साशंकता उरली, तर नवल नाही. जानेवारी २०२३ मध्ये खासगीकरणाच्या भीतीने राज्यातील वीज कर्मचाऱ्यांनी ७२ तासांचा संप पुकारला. वीज कंपन्यांचे खासगीकरण होणार नाही, असे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी चर्चेत सांगताच तो पहिल्याच दिवशी मिटला. हाच खुलासा आधी तळापर्यंत पोचता, तर संपाची वेळच येती ना. धोरण ठरविण्याचा अधिकार वरिष्ठांचा खराच. परंतु त्याची कारणे खांबावर चढणाऱ्या लाइनमनला समजावून सांगणे, हेही त्यांचेच कर्तव्य होय.