चेतक बदलली, भोसरीचे काय?

परवानाराजच्या काळात बजाजच्या ‘चेतक’साठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. 1972 साली आलेली ही स्कूटर म्हणजे मध्यमवर्गाचे अर्धे गृहस्थजीवनच! पुढे उभे मूल, मागे पत्नी आणि सुरू होईना की गाडी तिरकी करण्याचा सर्वमान्य उपचार. ज्या मालासाठी गिऱ्हाईक रांगेत उभे आहे, त्यात सुधारणा करण्याची निकड कोणाला भासणार? 1991 नंतर बाजार खुला झाला, तरुण मोटारसायकलीकडे वळला आणि बजाजनेही कूस बदलली. 2001 मध्ये ‘पल्सर’ आली. 2009 मध्ये स्कूटरनिर्मिती थांबवण्याचा निर्णय झाला. राहुल बजाज यांना तो रुचला नव्हता आणि त्यांनी ते लपवलेही नाही. पुढे जानेवारी 2020 मध्ये विजेवर चालणारी चेतक त्याच नावाने अवतरली.

मोठा उद्योग असा तरून जातो. त्याच्या आधारे जगणाऱ्यांचे काय?

पेट्रोलच्या इंजिनाला सिलिंडर, पिस्टन, क्लच, गिअर लागतात. भोसरी-चिंचवडच्या असंख्य लघुउद्योजकांनी अशाच सुट्या भागांवर आपले संसार उभे केले. 1 एप्रिल 2020 पासून ‘भारत स्टेज 6’ निकष लागू झाले आणि बहुतेक दुचाकींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. विजेच्या गाडीत तर इंजिनच नाही. मोठ्या कारखान्यापाशी संशोधन विभाग असतो, भांडवल असते. कर्ज काढून सीएनसी यंत्र घेतलेल्या उद्योजकापाशी पुढच्या महिन्याची ऑर्डर तेवढी असते. ‘काळाबरोबर बदला’ हा उपदेश त्याला सारेच करतात. नेमके कशात बदलायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. वास्तविक पुढील गाडीचा आराखडा मूळ कंपनीला बराच आधी ठाऊक असतो. तो पुरवठादाराला विश्वासाने सांगणे म्हणजे उपकार नव्हेत, त्यात तिचेही हित आहे.

एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा बजाजसह विजेच्या दुचाकी बनवणाऱ्यांची तारांबळ उडाली. मोटार येथे जुळते, तिचा प्राण परदेशातून येतो! चुंबक घडवणे हे भोसरीच्या शेडमधले काम नव्हे, ते सरकार आणि बड्या भांडवलाचेच. पण मोटारीचे आवरण, शाफ्ट, वाइंडिंग ही कामे आपल्या कारागिरांच्या आवाक्यातील आहेत. लघुउद्योजकांच्या संघटनांनी ती मागण्यासाठी मूळ कंपन्यांच्या खरेदी विभागांचे दार आताच ठोठावले पाहिजे. पेट्रोलच्या दुचाकी अजून खपत आहेत, तोवरच थोडा अवधी आहे.