बाकीचे कोअर काहून झोपले?

टास्क मॅनेजर उघडायचा, आलेखावर राइट क्लिक करून त्याला 'लॉजिकल प्रोसेसर' दाखवायला सांगायचं, की सोळा चौकोन समोर येतात. व्हिडिओ रेंडर चालू असताना त्यातले एक-दोन चौकोन गच्च भरलेले आणि बाकीचे तळाशी लोळत पडलेले दिसले की माणसाच्या पोटात गोळा येतो. पैसे सोळांचे मोजले आणि कामाला दोघंच! मग दुकानदाराला फोन. आणि दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: मशीन जुनं झालं साहेब, चोवीस कोअरचं घ्या.

माझं मत सांगतो. अशा वेळी आणखी कोअर घेणं म्हणजे बहुतेकदा झोपणाऱ्यांची संख्या वाढवणं.

साकोलीच्या बाजूला माझा एक दोस्त व्हिडिओ शूटिंगचं काम करतो. लग्नं तर आहेतच, पण दिवाळीनंतर भंडाऱ्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीची नाटकं होतात, त्यांचंही शूटिंग त्याच्याकडे असतं. पाच तासांचं नाटक, तीन कॅमेरे. मंडपातला उजेड यथातथाच, त्यामुळे चित्रात दाणे फार. ते घालवायला तो डिनॉइजचा इफेक्ट लावतो. एका नाटकाचं रेंडर चाळीस तास चालायचं आणि सगळा प्रोसेसर मिळून वापर पंधरा-सोळा टक्के. 'भाऊ, बाकीचे काहून झोपले जी?' हा त्याचा प्रश्न. चोवीस कोअरच्या मशीनचं कोटेशन आलेलं, कर्जाचा अर्ज भरून तयार. सीझनमध्ये चाळीस तास म्हणजे काय, ते धंदा करणाऱ्यालाच कळतं. त्यात छत्तिसाव्या तासाला लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

आता रोवणी पाहिलेल्या माणसाला हे समजावायला फार वेळ लागू नये. बांधीत वीस बाया रोवायला उभ्या आहेत, पण पऱ्हे खोदून द्यायला माणूस एकच. तो जुडी टाकेल तेवढंच रोवलं जाणार. बाकीच्या बाया धुऱ्यावर बसलेल्या दिसतात म्हणून त्या कामचुकार ठरत नाहीत, आणि आणखी वीस बाया बोलावल्या म्हणून बांधी लवकर होत नाही. फक्त रोजी दुप्पट जाते. पाहायचं असतं पऱ्ह्यांकडे, आणि आपण पाहतो धुऱ्याकडे.

रेंडरही असंच साखळीचं काम आहे. फाइल डिस्कवरून वाचायची, उलगडायची, रंग-इफेक्ट लावायचे, पुन्हा दाबून बसवायची, लिहायची. यातली एक पायरी जरी एकट्या थ्रेडवर चालणारी असली तरी सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसतात. आयबीएमच्या जीन ॲमडाल यांनी १९६७ साली हाच हिशोब मांडला होता. कामाचा पाव भाग वाटून देता येत नसेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग चौपटीच्या पुढे जात नाही. चार कोअरला साधारण २.३ पट, आठला २.९, सोळाला ३.४. म्हणजे आठाचे सोळा करण्यासाठी मोजलेल्या पैशातून हाती आलं अर्धं पट. हा हिशोब कोटेशनवर कुणी छापत नाही, असो.

दोस्ताला मी एवढंच करायला लावलं: नाटकातला एक मिनिटाचा तुकडा काप. एकदा डिनॉइज लावून रेंडर कर, एकदा काढून, आणि घड्याळ लाव. लावून आठ मिनिटं लागली, काढून एक. आणि काढल्यावर सोळाही चौकोन भरले! म्हणजे प्रोसेसर धडधाकट होता, तो इफेक्टच एका थ्रेडवर चालत होता. आठातली सात मिनिटं त्याची. नव्या मशीननं उरलेलं एक मिनिट अर्ध्यावर आणलं असतं तरी चाळीस तासांचे साडेसदतीस झाले असते. (नव्या मशीनचा एकेक कोअर जुन्यापेक्षा वेगवान असता तर थोडा आणखी फायदा, मान्य. पण मग विचारायचं ते एका कोअरच्या वेगाबद्दल, कोअरच्या संख्येबद्दल नाही.)

मग केलं काय? आधी डिनॉइजशिवाय चांगल्या दर्जात संकलन एक्स्पोर्ट केलं, पाच तास. मग ती फाइल चार भागांत तोडून एफएफएमपेगच्या चार खिडक्यांमध्ये तशाच कामाचा फिल्टर एकाच वेळी चालवला, आणि शेवटी पुन्हा एन्कोड न करता भाग जोडले. एका बांधीत वीस बाया कोंबण्यापेक्षा चार बांध्यांत चार पऱ्हेवाले. सगळं मिळून पंधरा-सोळा तास. लाइट गेली तर जातो तो चालू भाग, झालेले भाग शाबूत.

याचा अर्थ प्रत्येक वेळी दोष इफेक्टचाच असतो असं नाही. तीन कॅमेऱ्यांच्या फाइली एकाच फिरत्या हार्ड डिस्कवर असतील तर तिचं मुंडकं तिकडून इकडे धावण्यातच दमतं. तेव्हा एसएसडी घ्या, ती प्रोसेसरपेक्षा पुष्कळ स्वस्त. ग्राफिक्स कार्डानं एन्कोड करायचं निवडलं असेल तर प्रोसेसर रिकामा दिसणारच, टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचं पान उघडून 'व्हिडिओ एन्कोड' बघा. इंटेलच्या २०२१ च्या बाराव्या पिढीपासून तर कोअरच दोन जातींचे झाले, थोरले आणि धाकटे. काही सेटिंगमध्ये रेंडरची खिडकी मिनिमाइझ केली की काम धाकट्यांच्या गळ्यात पडतं. आणि एन्कोडरचीही मर्यादा असते. २०१३ साली आलेल्या एच.२६५ मध्ये १०८० च्या चित्राचे ६४ चे ठोकळे पाडले तर ओळी भरतात सतरा. ओळी समांतर चालवायच्या तर खालच्या ओळीला वरच्या ओळीच्या दोन ठोकळे मागेच राहावं लागतं. एन्कोडर पुढच्या फ्रेम सोबत घेऊन ही कसर थोडी भरून काढतो, पण बत्तीस थ्रेड एकसारखे राबतील ही अपेक्षा चुकीचीच.

शिवाय ते चौकोन पुरतं खरंही बोलत नाहीत. विंडोज एकच थ्रेड कधी या कोअरवर तर कधी त्या कोअरवर बसवतं, त्यामुळे एकट्याचं काम चार चौकोनांत सांडलेलं दिसतं. उलट नवतप्यात, पत्र्याखालच्या स्टुडिओत, वापर शंभर टक्के दिसतो पण प्रोसेसर तापून वेग कमी केलेला असतो. शंभर टक्के दिसले म्हणून काम जोरात चाललंय असं नाही.

पण माझा खरा राग टास्क मॅनेजरवर नाही, आमच्या जमातीवर आहे. रेंडर करणाऱ्या प्रोग्रॅमला कुठली पायरी कुणाची वाट बघतेय हे मोजता येतं. आम्ही प्रोग्रॅम लिहिताना प्रोफायलर लावून रोज तेच बघत असतो. पण गिऱ्हाइकाला आम्ही काय दाखवतो? एक हिरवी पट्टी आणि 'उरलेला वेळ ३८ तास'. त्याच जागी 'डिनॉइज एका थ्रेडवर चालू आहे, बाकी पायऱ्या थांबल्या आहेत' एवढी एक ओळ लिहिणं काही अवघड नाही. ती नाही, म्हणून साकोलीचा माणूस कर्जाच्या अर्जापर्यंत पोचतो, आणि त्याला अडवणारं कुणी नसतं. इफेक्ट विकताना 'मल्टिकोअर' असं ठळक छापणारे तो कुठल्या सेटिंगला एकाच थ्रेडवर उतरतो हेही छापू शकतात. छापत नाहीत.

दोस्तानं अर्ज मागे घेतला. त्या पैशातल्या थोड्या भागात एक एसएसडी आणि बऱ्यापैकी यूपीएस आला. डिनॉइज आता तो सगळ्या नाटकाला लावत नाही, फक्त अंधाऱ्या प्रवेशांना लावतो, आणि मला विचाराल तर उजेडातले प्रवेश त्याशिवायच जास्त बरे दिसतात.